फिशटँकमधलं नायट्रेट: किटच्या आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा

टाकी तीच, पाणी तपासायचं किट तेच. सकाळी पाण्यातलं नायट्रेट लिटरला २० मिलिग्रॅम आलं, संध्याकाळी ८०. अशा वेळी बहुतेकजण बादली उचलतात आणि निम्मं पाणी बदलून टाकतात. माझं सांगणं असं की आधी किट तपासा. स्थिरावलेल्या टाकीत झाडांचं द्रवखत जास्त पडलं नसेल, तर बारा तासांत नायट्रेट चौपट होणं जवळपास अशक्य असतं. चाचणीतल्या एखाद्या टप्प्यावर हयगय झाली म्हणून आकडा चौपट दिसणं मात्र अगदी शक्य असतं.

आकडा कुठल्याही बाजूनं चुकला तरी त्रास माशांना होतो. तो खोटा कमी आला, तर महिनोन्‌महिने नायट्रेट साचत राहतं आणि मासे का मरगळले हे कळत नाही. खोटा जास्त आला, तर एकामागून एक मोठे पाणीबदल होतात. त्यात पाण्याचं तापमान आणि पीएच वरखाली होतं, झाडांच्या टाकीत पोषणही तुटतं. म्हणून हा विषय नीट समजून घेण्यासारखा आहे.

नायट्रेट मोजणं इतकं अवघड का

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं कुजूनही अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट या दोघांना रंग देणाऱ्या सोप्या रासायनिक क्रिया आहेत, त्यामुळे त्यांची किट बरीच सरळ चालतात. नायट्रेट तसं सहजासहजी कशाशी रंग देत नाही. म्हणून घरगुती किट आडवाटेनं जातं. ते नायट्रेटचं पुन्हा नायट्राइट करतं आणि मग ते नायट्राइट मोजतं.

हे उलटं रूपांतर करायला बाटलीत धातूची अतिशय बारीक भुकटी असते, बहुतेकदा जस्ताची. ती नायट्रेटमधला एक ऑक्सिजन काढून घेते. तयार झालेलं नायट्राइट आम्लात एका सेंद्रिय संयुगाशी जुळतं, मग ते जुळलेलं संयुग दुसऱ्या एकाशी जुळतं आणि गडद रंगद्रव्य तयार होतं. रंग देणारी ही दुसरी पायरी ग्रीस अभिक्रिया या नावानं ओळखली जाते. पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८५८ मध्ये ज्या डायझो संयुगांचा शोध लावला, त्यांच्यावरच ती उभी आहे. पायरी जुनी आहे, भरवशाची आहे. सगळी गडबड पहिल्या पायरीत, म्हणजे जस्ताच्या रूपांतरात होते.

नळीतल्या सगळ्या नायट्रेटचं नायट्राइट होत नाही. काहींपर्यंत जस्त पोचतच नाही. काहींचं नायट्राइट होतं, पण जस्त तिथे थांबत नाही. ते त्याला आणखी पुढे ढकलतं, पार अमोनियापर्यंत, आणि तेवढा भाग रंगाच्या हिशेबातून निसटतो. म्हणजे रंग दिसतो तो एकूण नायट्रेटच्या एका हिश्श्याचा. किट बनवणाऱ्यानं ठरावीक थेंब, ठरावीक हलवणं आणि ठरावीक वेळ धरून हा हिस्सा किती येतो ते पाहिलेलं असतं आणि त्यावरून रंगांचा तक्ता छापलेला असतो. तुम्ही वेगळं काही केलंत की हिस्सा बदलतो. तक्ता मात्र तोच राहतो.

म्हणून नायट्रेटच्या किटमधल्या सूचनापत्रिकेला मी उपकरणाचाच एक भाग मानतो. पीएचच्या चाचणीत थोडी ढिलाई खपून जाते, इथे खपत नाही.

बाटली हलवणं

धातूची भुकटी द्रवात विरघळत नाही, तळाशी बसते. एपीआय या कंपनीच्या द्रव किटचं उदाहरण घेऊ, कारण ते खूप जणांकडे असतं. त्यात ५ मिलिलिटर पाण्यात पहिल्या बाटलीचे १० थेंब टाकून मिसळायचे, दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवायची, तिचे १० थेंब टाकायचे, मग नळी पूर्ण एक मिनिट जोरात हलवायची आणि ५ मिनिटं थांबून रंग बघायचा. यातले ३० सेकंद आणि एक मिनिट घड्याळ लावून मोजा. मनात मोजलेले तीस सेकंद घड्याळाचे पंधराही नसतात, हे एकदा करून बघितलं की पटतं.

न हलवता थेंब टाकले तर नळीत भुकटी कमी जाते, रंग फिका येतो आणि आकडा खोटा कमी दिसतो. पण याचा दुसरा परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दर वेळी वरचा पातळ द्रवच वापरला गेला, तर बाटलीत उरलेल्या द्रवात भुकटीचं प्रमाण वाढत जातं. अशी अर्धी संपलेली बाटली नंतर कितीही खळखळून हलवली, तरी मूळ मिश्रण परत मिळत नाही. किट बरेच महिने पडून असेल तर भुकटीचा गठ्ठा होतो. तेव्हा हलवण्याआधी बाटली टेबलावर दोन-चारदा हलके आपटून तो मोकळा करून घ्यावा.

वेळेचंही तसंच. पाच मिनिटं सांगितली असतील तर पाचव्या मिनिटाला बघा. नळी टेबलावर विसरून अर्ध्या तासानं पाहिली तर रंग बहुधा गडद झालेला असतो आणि तक्ता त्या रंगासाठी छापलेला नसतो. पाणी फार थंड असेल तर क्रिया मंदावते, म्हणून नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा.

नव्या टाकीत हा आकडा सोडून द्या

किट शेवटी नायट्राइटच मोजतं, त्यामुळे पाण्यात आधीपासून नायट्राइट असेल तर तेही रंगात येणार. ते नुसतं येत नाही, फुगून येतं. समजा, एखादं किट नायट्रेटच्या दहाव्या हिश्श्याचंच नायट्राइट करतं आणि त्याचा तक्ता तसं धरूनच छापलेला आहे. अशा किटला पाण्यात आधीच असलेलं लिटरला १ मिलिग्रॅम नायट्राइट सुमारे १३ मिलिग्रॅम नायट्रेटसारखं दिसेल. नव्या टाकीत जिवाणू बसत असताना नायट्राइट काही मिलिग्रॅमपर्यंत सहज चढतं. मग नायट्रेटचा रंग लालभडक येतो आणि माणूस घाबरतो, किंवा सायकल (फिल्टरमध्ये हे जिवाणू बसण्याची प्रक्रिया) पूर्ण झाली असं समजून मासे आणतो. दुसरा प्रकार जास्त घातक.

नियम सोपा आहे. आधी नायट्राइटची चाचणी करा. ती शून्य आली तरच नायट्रेटच्या आकड्याला अर्थ आहे.

एकाच पाण्याचे दोन आकडे

दोन किटनी दोन आकडे दिले की लोक एकाला खोटं ठरवतात. कित्येकदा दोन्ही खरे असतात, मोजण्याचं एकक वेगळं असतं. काही किट पूर्ण नायट्रेट आयन मोजून सांगतात, काही त्या आयनातला फक्त नायट्रोजन. नायट्रेट आयनाचं वजन ६२ धरलं तर त्यात नायट्रोजनचा वाटा १४. म्हणून नायट्रेट-नायट्रोजनचा आकडा ४.४३ नं गुणला की नायट्रेटचा आकडा मिळतो. एका किटवर १० आणि दुसऱ्यावर ४४ दिसलं तर दोघांचं भांडण नाही. पीपीएम आणि मिलिग्रॅम प्रति लिटर यांची मात्र काळजी नको. टाकीच्या पाण्यासाठी ते एकच समजा.

हा गोंधळ वाचनातही होतो आणि तिथे तो अधिक महाग पडतो. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा ५० मिलिग्रॅम नायट्रेट आहे. अमेरिकेची मर्यादा १० आहे, पण ती नायट्रोजनच्या हिशेबात, म्हणजे नायट्रेटमध्ये सुमारे ४४. दोन्ही जवळजवळ सारख्याच आहेत. जलचरांवरच्या नायट्रेटच्या परिणामांचा एक आढावा २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोड्या पाण्यातल्या सर्वांत नाजूक प्रजातींसाठी २ ही मर्यादा सुचवली होती. तीही नायट्रोजनची, म्हणजे नायट्रेट सुमारे ९. एकक न पाहता ‘२ च्या वर गेलं की धोका’ एवढंच कोणी उचललं, तर तो घरच्या किटवर नायट्रेट ५ दिसल्यावरही विनाकारण धावपळ करेल.

त्यामुळे तक्त्यावर बारीक अक्षरात काय छापलंय ते एकदा नीट वाचा आणि आकडा लिहून ठेवताना एककही लिहा.

लाल आणि अधिक लाल

चाळीस आणि ऐंशीच्या लालात फरक दिसत नाही ही तक्रार खरी आहे आणि दोष डोळ्यांचा नाही. रंगद्रव्य ठरावीक प्रकाश शोषून घेतं. तो प्रकाश जवळपास सगळा शोषला गेल्यावर त्यात आणखी रंगद्रव्य मिसळलं तरी डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. तक्त्याच्या खालच्या टोकाला, ५ ते २० च्या आसपास, मात्र हेच डोळे चांगलं काम करतात. त्यामुळे गडद पाणी तिथे आणून वाचायचं.

त्यासाठी पाणी पातळ करा. सुई नसलेल्या सिरिंजनं १ मिलिलिटर टाकीचं पाणी आणि ४ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर थेट नळीत घ्या, नेहमीसारखी चाचणी करा, आलेला आकडा ५ नं गुणा. २० आलं तर टाकीत १००. वाचनातली चूकही पाचपट होते, हे लक्षात ठेवा. तरीही न पातळ केलेल्या लाल नळीकडे बघत अंदाज बांधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. यातून किटची उलटतपासणीही होते. तेच पाणी सरळ मोजून ४० आणि पातळ करून १०० येत असेल, तर सरळ मोजलेला आकडा टाकून द्या. डिस्टिल्ड वॉटरमध्ये स्वतःचं नायट्रेट नाही ना, हे आधी त्याचीच चाचणी करून बघावं.

रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, तक्त्याच्या पांढऱ्या भागावर नळी धरून बघा. पिवळसर दिव्याखाली नारिंगी आणि लाल एकमेकांत मिसळतात, टाकीवरच्या निळ्या दिव्याखाली तर काहीच खरं दिसत नाही. नळी वरून बघायची की बाजूनं, हे किटनुसार ठरतं. पत्रिकेत सांगितलं असेल तसंच बघा, कारण वरून पाहिल्यावर द्रवाची खोली जास्त आणि रंग गडद दिसतो. लाल-हिरव्या रंगांत गल्लत होणारे पुरुष बरेच असतात आणि कित्येकांना ते ठाऊकही नसतं. घरातल्या दुसऱ्या कोणाला न सांगता तीच नळी दाखवा आणि त्यांना कोणता चौकोन जुळतो ते विचारा.

ज्याचं उत्तर माहीत आहे असं पाणी

इतकं सगळं नीट पाळलं तरी एक प्रश्न उरतोच: हे किट आज बरोबर सांगतंय का? वजनकाट्यावर शंका आली तर आपण त्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघतो. किटलाही नेमकं तेच हवं, म्हणजे किती नायट्रेट आहे हे आधीच माहीत असलेलं पाणी. या एका गोष्टीनं जितकी खात्री मिळते, तितकी महागडं किट घेऊनही मिळत नाही.

हे पाणी पोटॅशियम नायट्रेटपासून घरी करता येतं. झाडांची टाकी ठेवणारे तेच खत म्हणून वापरतात. काही देशांत या क्षाराच्या खरेदीवर निर्बंध आहेत. तिथे प्रयोगशाळांसाठी विकलं जाणारं तयार प्रमाणित द्रावण घ्यावं, मात्र लेबलवरचा आकडा नायट्रेटचा आहे की नायट्रोजनचा, ते बघून.

पोटॅशियम नायट्रेटच्या वजनातला सुमारे ६१ टक्के भाग नायट्रेटचा असतो. शुद्ध, कोरडी पूड १.६३ ग्रॅम मोजा, थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा आणि पाणी घालून एकूण एक लिटर करा. हे झालं लिटरला १००० मिलिग्रॅम नायट्रेटचं मूळ द्रावण. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा यासाठी पुरतो, त्यातली चूक टक्क्याच्या आसपासच राहते. थेट २० चं पाणी करायला जाऊ नका. त्यासाठी जेमतेम ०.०३ ग्रॅम पूड मोजावी लागेल आणि तिथे हाच काटा निरुपयोगी ठरतो.

आता मूळ द्रावण ५ मिलिलिटर घेऊन एकूण २५० मिलिलिटर करा, ते २० चं पाणी. १० मिलिलिटर घेऊन २५० केलं की ४० चं. नुसतं डिस्टिल्ड वॉटर शून्याचं. तिन्हींची टाकीच्या पाण्यासारखीच चाचणी करा. मूळ द्रावणाच्या बाटलीवर नाव, तारीख आणि ‘पिऊ नये’ असं ठळक लिहा, ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पातळ केलेलं पाणी दर वेळी ताजं करा.

किटनं २० ला २० किंवा त्याच्या शेजारचा चौकोन दाखवला आणि ४० ला त्याहून स्पष्ट गडद रंग दिला, तर निर्धास्त राहा. घरगुती किटकडून याहून जास्त अपेक्षा करू नये. २० च्या पाण्याला ५ दाखवलं तर बाटली पुन्हा नीट हलवून एकदा करून बघा. तरीही ५ च आलं तर ती बाटली कामातून गेली. २० ला ४० आणि ४० ला ८० असं दोन्हीकडे दुप्पट येत असेल, तर निम्मे करून काम चालवता येईल, पण एकाच पाण्यावरून असा गुणक ठरवू नका. शून्याच्या पाण्याला रंग आला तर नळी अस्वच्छ आहे, डिस्टिल्ड वॉटर खराब आहे, नाहीतर किट.

एक पाऊल पुढे जायचं असेल तर टाकीच्या पाण्यातच माहीत असलेलं नायट्रेट मिसळा. १०० मिलिलिटर टाकीच्या पाण्यात मूळ द्रावण २ मिलिलिटर घातलं की नायट्रेट जवळजवळ २० नं वाढायला हवं. किटनंही वाढ तेवढीच दाखवली, तर टाकीतलं दुसरं काही चाचणीच्या आड येत नाही. लाकडाचा अर्क उतरलेल्या तपकिरी पाण्यासाठी आणि समुद्री टाकीसाठी ही परीक्षा मला सर्वांत मोलाची वाटते. खाऱ्या पाण्यात क्षारांमुळे पहिल्या पायरीचा वेग बदलतो, म्हणूनच काही किटमध्ये खाऱ्या पाण्याचा तक्ता वेगळा असतो. अशा किटचा गोड्या पाण्याचा तक्ता तिथे लावला तर आकडा चुकणारच.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात

नळी वापरून झाल्याबरोबर धुवा, शेवटी डिस्टिल्ड वॉटर फिरवा. भुकटीचा थर काचेला चिकटून राहिला तर तो पुढच्या चाचणीत भाग घेतो. चाचणीआधी नळी टाकीच्या पाण्यानं एकदा खंगाळा. पाण्याची पातळी डोळ्यांच्या रेषेत धरून, खोलगट पृष्ठभागाच्या तळाशी वाचा. थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरा. तिरक्या बाटलीतून थेंब लहानमोठे पडतात आणि बुडबुड्याचा थेंब थेंबच नसतो. नळीचं तोंड बोटानं नव्हे, झाकणानं बंद करा, कारण आत आम्ल असतं. वापरलेलं पाणी टाकीत परत ओतू नका.

पाण्यात बुडवायच्या चाचणीपट्ट्या झटपट कल देतात, त्याहून जास्त काही नाही. डबा उघडा राहिला की हवेतल्या ओलाव्यानं त्या खराब होतात. डिजिटल कलरीमीटर, म्हणजे रंग मोजणारं यंत्र, रंग वाचण्यातली चूक काढून टाकतो आणि तेवढ्यापुरता फार उपयोगी आहे. पण रूपांतराची पायरी त्यातही रसायनावरच अवलंबून असते. हलवण्यात कसर राहिली तर तो चुकीचा रंग अगदी अचूक वाचतो. त्यालाही २० चं पाणी पाजून बघा.

पाणी बदलताना होणारी तपासणी

पाणी बदलायच्या दिवशी तीन चाचण्या करा: बदलण्याआधी टाकीची, नव्या पाण्याची आणि बदलल्यानंतर तासाभरानं टाकीची. आधी ४०, नवं पाणी शून्य आणि निम्मं बदललं, तर नंतर २० यायला हवं. नव्या पाण्यातच २० असेल तर ३०. हिशेब जुळला नाही आणि नंतरचाही आकडा ४० च राहिला, तर बदलण्याआधी टाकीत बहुधा ४० पेक्षा बरंच जास्त होतं आणि किट तिथे लाल रंगात अडकलेलं होतं. तेव्हा पातळ करून मोजा.

आकडे भरवशाचे झाले की पाणी किती बदलायचं हेही गणितानं ठरतं. टाकीत आठवड्याला नायट्रेट १० नं वाढतं असं दिसलं आणि नव्या पाण्यात ते शून्य असलं, तर दर आठवड्याला पाव पाणी बदलणाऱ्याची टाकी शेवटी ४० पर्यंत चढून तिथे थांबते. निम्मं बदलणाऱ्याची २० वर थांबते. नव्या पाण्यात जेवढं नायट्रेट असेल तेवढं या दोन्ही आकड्यांत मिळवायचं. म्हणजे नळाला २० येत असेल तर पाव बदलून ६० आणि निम्मं बदलून ४०. अशा नळाच्या पाण्यावर टाकी २० च्या खाली ठेवायची असेल तर पाणीबदल कितीही वाढवून उपयोग नाही. एकतर त्यात आरओचं पाणी मिसळावं लागेल, नाहीतर नायट्रेट खाणारी भरभर वाढणारी झाडं टाकीत लावावी लागतील.